मांस निर्धोक कसे राहते?

श्रोतेहो, रमजानच्या महिन्यात दिवस मावळला की हलीमच्या भट्ट्यांभोवती सर्व जातिधर्मांच्या लोकांची रीघ लागते आणि जिच्या बिर्याणीचा लौकिक सातासमुद्रापलीकडे गेला आहे, अशा हैदराबाद नगरीत बसून मांसाविषयी बोलायचे म्हटले, म्हणजे पाककलेच्या कौतुकाने आरंभ व्हावा अशी आपली अपेक्षा असणार. ती मी आज पुरी करणार नाही. मला जे सांगावयाचे आहे ते स्वयंपाकघराच्या अलीकडचे आहे. जनावर कत्तलखान्याच्या दारात उतरते तेथून ते मांस आपल्या पिशवीत पडेपर्यंत मध्ये काय घडते, आणि काय घडावयास हवे, हा आजचा विषय.

हा विषय काही मूठभर लोकांच्या आवडीनिवडीचा नाही. २०१४ सालच्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत तेलंगणातील दर १०० माणसांमागे ९८ हून अधिक माणसे मांसाहारी असल्याचे आढळले. २०१९ च्या पशुगणनेत या एका राज्यात १ कोटी ९० लाखांवर मेंढ्या मोजल्या गेल्या. मेंढ्यांच्या संख्येत ते देशात पहिले ठरले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने मांस-संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९९ साली याच शहरात स्थापन केली, आणि आज ती शहराच्या पूर्वेस चेंगीचेर्ला येथे काम करीत आहे, यात नवल नाही. जे श्रोते शाकाहारी असतील त्यांनीही क्षणभर थांबावे. पुढे ज्या जंतूंचा उल्लेख येईल ते दुधात, अंड्याच्या कवचावर आणि कोथिंबिरीच्या जुडीतही संचार करतात. त्यांना आपला-परका हा भेद नाही.

आपण मांस कसे पारखतो? रंग पाहतो, वास घेतो, बोटाने दाबून ते पुन्हा वर येते की नाही हे पाहतो. आपल्या वडीलमंडळींनी शिकवलेली ही परीक्षा खोटी नव्हे. परंतु ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते : मांस शिळे झाले आहे काय? त्या मांसाने माणूस आजारी पडेल काय, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर नाकाला ठाऊक नसते. मांस नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतांशी वेगळे. पहिले मांसाला वास आणतात, चिकटपणा आणतात, म्हणजे एका अर्थी ते आपल्याला सावधच करतात. दुसरे मुकाट्याने वाढतात. साल्मोनेला जंतूंनी भरलेला मांसाचा तुकडा लालबुंद, टवटवीत आणि निर्गंध असू शकतो. या विषयातील सर्व शास्त्राचे मूळ येथे आहे. जो शत्रू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, त्याला शेवटी पकडू म्हणून चालत नाही. त्याला वाटेतच अडवावे लागते.

आता वाटेवर येऊ. निरोगी जनावराच्या मांसाचा अंतर्भाग जवळजवळ निर्जंतुक असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जंतू असतात ते कातड्यावर, केसांत, खुरांना लागलेल्या शेणामातीत आणि मुख्यत्वे आतड्यांत. कत्तलीनंतर माणसाचे हात, सुऱ्या, खाली पडलेले पाणी आणि माशा त्यांना मांसाच्या पृष्ठभागावर आणून सोडतात. कातडे सोलताना त्याची बाहेरची बाजू उघड्या मांसावर लोळली, किंवा पोट उघडताना आतड्याला सुरीचे टोक लागले, की त्या दिवसाचे अर्धे नुकसान झालेच. म्हणूनच चांगल्या कत्तलखान्यात आतडी काढण्यापूर्वी त्यांची दोन्ही तोंडे बांधून घेतात आणि धड जमिनीवर न ठेवता आकड्याला टांगून पुढे नेतात. टांगलेल्या धडाखाली जे गळते ते खाली जाते. जमिनीवर पडलेल्या धडाला ते पुन्हा लागते. साधी गोष्ट आहे. पण जमिनीवरचा कत्तलखाना आणि आकड्यावरचा कत्तलखाना यांत जे अंतर आहे ते मुख्यतः एवढेच आहे.

परंतु काळजीचा आरंभ याच्याही आधी होतो. लांबून लॉरीतून उभ्याने आलेले, तहानलेले, घाबरलेले जनावर लगेच कापले तर त्याचे मांस लवकर बिघडते. यामागे दयेचा विचार तर आहेच, पण रसायनशास्त्रही आहे. विश्रांती मिळालेल्या जनावराच्या स्नायूंत एक प्रकारची साखर साठलेली असते. प्राण गेल्यानंतर तिचे दुग्धाम्लात रूपांतर होते आणि मांस हळूहळू आंबट होत जाते. शास्त्रज्ञ आम्लता मोजण्यासाठी जे माप वापरतात त्यावर ते सुमारे ७ पासून साडेपाचच्या आसपास उतरते. ही सौम्य आम्लता जंतूंच्या वाढीला आवर घालते. थकलेल्या जनावराची साखर वाटेतच खर्च झालेली असते. त्याचे मांस काळपट, ताठ आणि कोरडे राहते, आणि जंतूंना ते मानवते. लाळ्या-खुरकुत या रोगाचा विषाणूही या आम्लतेने मरतो. म्हणून परदेशी जाणारे म्हशीचे मांस शीतगृहात २४ तास ठेवून, त्याची आम्लता मोजून, ते माप ६ च्या खाली आल्यावरच हाडांपासून वेगळे करून पाठवतात. आपल्या देशातील २००१ सालच्या कत्तलखाना नियमांत जनावराला तपासणीनंतर २४ तास विश्रांती द्यावी असे सांगितले आहे. त्याच नियमांत आणखी एक आकडा आहे तो मला फार बोलका वाटतो. एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यांहून अधिक जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. पाच मिनिटांत पशुवैद्य जनावराची चाल पाहील, डोळे पाहील, ताप पाहील. याच जागी एकाच माणसाने सकाळच्या दोन तासांत दोनशे मेंढ्यांवर शिक्का मारला, तर त्याने काय पाहिले असेल हे सांगावयास नको.

कत्तलीनंतर दुसरी तपासणी होते. यकृत, फुफ्फुसे, लसिकाग्रंथी कापून पाहतात. क्षयाच्या गाठी आहेत काय, यकृतात कृमी आहेत काय हे त्यावरून कळते. डुकराच्या मांसात पट्टकृमीचे तांदळासारखे पांढरे कोष असतात, तेही नीट पाहणाऱ्याला दिसू शकतात. नाताळ जवळ आला की आमच्या घरांतून डुकराच्या मांसाचे पदार्थ होतात. तेव्हा हा मुद्दा मी जरा स्पष्ट करून सांगतो, कारण याबाबत मोठा गैरसमज आहे. असे कोष असलेले मांस अर्धेकच्चे खाल्ले तर खाणाराच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. परंतु मेंदूत कोष होऊन माणसाला फेफरे येऊ लागतात तो भयंकर विकार मांसातून येत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी हाताने, पाण्याने किंवा भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली म्हणजे तो होतो. ज्याने आयुष्यात डुकराचे मांस चाखले नाही त्यालाही तो होऊ शकतो. म्हणून कत्तलखान्यातील तपासणीइतकेच महत्त्व तेथील शौचालयाला आणि साबणाला आहे.

आता काळाचा आणि उष्णतेचा विचार करू. अनुकूल परिस्थितीत पुष्कळसे जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. माझ्या वर्गातील मुलांना हे गणित मी फळ्यावर करावयास लावतो. सकाळी सहा वाजता मांसाच्या तुकड्यावर एकच जंतू आहे असे धरले, तर दुपारी एक वाजेपर्यंत त्याचे २१ वेळा दुप्पट होऊन सुमारे २१ लाख होतात. मुले पहिल्या दहा ओळींपर्यंत हसत असतात. हजाराचा आकडा ओलांडल्यावर वर्ग गप्प होतो. साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सियस हा टप्पा जंतूंच्या सुगीचा समजतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादची दुपार ४० अंशांवर जाते. म्हणजे आपल्या दुकानात आकड्याला लटकणारे मटण नेमके या सुगीच्या मध्यावर लटकत असते. खाटकाची पिढ्यानपिढ्यांची रीत अशी, की पहाटे कापावे आणि दुपारपर्यंत विकून मोकळे व्हावे. ही रीत शहाणपणाची होती. वाढीला वेळच द्यावयाचा नाही, हेच तिचे सूत्र. परंतु शहर वाढले, अंतरे वाढली, आता दुपारचे मटण रात्री नवापर्यंत विकले जाते, आणि सूत्र मात्र पहाटेचेच राहिले. थंडावा दिल्यावाचून हे गणित जुळत नाही. चांगल्या कारखान्यात धड लवकरात लवकर शीतकक्षात जाते. त्याचा गाभा ७ अंशांपर्यंत उतरावा असा युरोपातील दंडक आहे आणि गोठवलेले मांस उणे १८ अंशांवर ठेवतात. ‘थंड केलेले मांस म्हणजे शिळे मांस’ ही आपली समजूत सोडून द्यावी लागेल. तीन तास उन्हात राहिलेल्या ताज्या मांसापेक्षा तीन दिवस नीट थंड राहिलेले मांस अधिक निर्धोक असते.

खिम्याची गोष्ट स्वतंत्र सांगितली पाहिजे. मांसाचा अखंड तुकडा असतो तोवर जंतू पृष्ठभागावरच राहतात आणि विस्तवाची धग त्यांना प्रथम लागते. तोच तुकडा यंत्रात घातला की पृष्ठभाग आत जातो आणि आतला भाग बाहेर येतो. शंभर जनावरांचे मांस एकत्र दळले तर एका जनावराचा दोष सर्व ढिगाला लागतो. अमेरिकेत १९९३ साली एका उपाहारगृह-साखळीच्या अर्धकच्च्या खिम्याच्या वड्यांमुळे ७०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि ४ मुले दगावली. जंतू आतड्यांतलेच होते, ई. कोलाय नावाचे, परंतु त्यांची जात विषारी होती आणि ती मुलांच्या मूत्रपिंडांवर घाला घालते. आपल्या शामी कबाबात खिमा डाळीबरोबर आधी शिजवून, वाटून, मग तळतात. ज्याने ही कृती प्रथम बसवली त्याला जंतुशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याने खाणारांवर उपकार केले आहेत. सळईवरच्या सीख कबाबाचे तसे नाही. तेथे कच्चा खिमा एकदाच शेकला जातो. बाहेरून डाग पडले तरी आतला गाभा ७० अंशांवर गेला आहे की नाही हे भट्टीवाल्याच्या सवयीवर अवलंबून राहते.

कारखान्यातली खबरदारी किती बारीक असावी लागते याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. १९६४ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात एकाएकी विषमज्वराची साथ उसळली. सुमारे ५०० माणसे रुग्णालयांत दाखल झाली. त्या थंड, स्वच्छ शहरात विषमज्वर आला कोठून? शोध करता करता तपास एका दुकानापाशी आणि तेथून खारवलेल्या मांसाच्या एका मोठ्या डब्यापाशी येऊन ठेपला. डबा आला होता दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनातून. आता डबाबंद मांस तर डब्यासकट उच्च उष्णतेवर शिजवलेले असते; त्यात जंतू जगतील कसे? चौकशी समितीने जे उत्तर दिले ते असे. शिजवलेले तप्त डबे थंड करण्यासाठी त्यांच्यावर पाणी सोडतात. त्या कारखान्यात हे पाणी नदीचे होते, नदीत शहराचे सांडपाणी मिसळत होते, आणि पाणी क्लोरीनने शुद्ध करण्याची यंत्रणा त्या काळात चालू नव्हती. डबा निवू लागला की आतील वाफ आकसते, आत पोकळी निर्माण होते, आणि शिवणीला सुईच्या अग्राएवढे छिद्र असले तरी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाण्याच्या एकदोन थेंबांबरोबर विषमज्वराचे जंतू समुद्र ओलांडून गेले. पुढे दुकानात तो डबा उघडून मांसाच्या चकत्या करण्याच्या यंत्रावर कापला गेला, त्याच पात्यावर मग दुसरी शिजलेली मांसे कापली गेली, आणि ज्यांनी त्या डब्यातला कण खाल्ला नव्हता तेही अंथरुणाला खिळले.

या हकिगतीत मांस चांगले होते आणि शिजवणारांनी नीट शिजवलेही होते. चूक झाली ती शिजवल्यानंतरच्या पाण्यात. ज्या पाण्याला मांसाचा स्पर्शही व्हावयाचा नव्हता त्या पाण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. कारखान्यातून बाहेर पडणारे हजार डबे उघडून तपासले असते तरी तो एक डबा बहुधा निसटलाच असता.

नेमकी हीच अडचण त्याच सुमारास अगदी निराळ्या लोकांपुढे उभी राहिली होती. अमेरिकेच्या अंतराळवीरांसाठी अन्न तयार करण्याचे काम १९५९ पासून पिल्सबरी नावाची कंपनी तेथील अंतराळसंस्था आणि लष्कराच्या प्रयोगशाळा यांच्या साहाय्याने करीत होती. अंतराळात कोणाला जुलाब-वांत्या झाल्या तर वैद्य कोठून आणावयाचा? तेव्हा अन्न निर्दोष असल्याची जवळजवळ पूर्ण खात्री हवी होती. तयार झालेले अन्न तपासून अशी खात्री करावयाची तर बहुतेक सगळा माल तपासणीतच खर्ची पडे आणि अंतराळवीराच्या वाट्याला फारच थोडा उरे, असा त्यांचा अनुभव आला. मग त्यांनी विचाराची दिशाच उलटी केली. तयार मालाची परीक्षा घेण्याऐवजी माल तयार होण्याची प्रत्येक पायरी तपासावयाची, कोणत्या पायरीवर धोका शिरू शकतो आणि कोणत्या पायरीवर तो हटकून अडवता येतो हे आधी ठरवावयाचे, त्या पायरीसाठी मोजता येईल अशी मर्यादा घालावयाची आणि ती पाळली जाते की नाही याची नोंद सतत ठेवावयाची. धोक्यांचे पृथक्करण आणि निर्णायक टप्प्यांवरचे नियंत्रण, असे या पद्धतीचे लांबलचक नाव आहे. कारखानदार तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हॅसप’ म्हणतात. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि आज मांसाची निर्यात करणाऱ्या कारखान्यांना तिच्यावाचून गत्यंतर नाही. शाळेतील माणसाला ही कल्पना अनोळखी वाटत नाही. वार्षिक परीक्षेत मुलगा नापास झाला हे मार्चअखेर कळून उपयोग काय? रोजची वही पाहणारा मास्तर जुलैतच ओळखतो.

पण वही खरी हवी, ही अट आहे. काही काळापूर्वी एका मांस-कारखान्यात जाण्याचा योग आला. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. शीतकक्षाच्या दारावर दर दोन तासांनी उष्णतामान लिहिण्याचा तक्ता टांगला होता. महिनाभर, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रकान्यात ४ अंश, एकाच शाईत आणि एकाच वळणात. सबंध वर्गाचे गणित एकाच ठिकाणी चुकले की मास्तराला जे कळते, तेच मला तेथे कळले. हात धुण्याच्या जागी ‘प्रथम हात धुवा’ असा सुबक फलक होता आणि नळाला पाणी नव्हते.

हात कोणाचे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. खरे तर कारखान्याची सगळी व्यवस्था शेवटी त्या हातांवर उभी असते. नीट चालवलेल्या ठिकाणी कामगाराजवळ दोन सुऱ्या असतात : एक हातात, दुसरी ८२ अंश उष्ण पाण्यात बुडवलेली. एक जनावर झाले की सुरी बदलावयाची. ही पद्धत पाळावयास वेळ लागतो, आणि ज्याला नगावर मजुरी मिळते त्याच्या दृष्टीने हा वेळ म्हणजे पैसे. हगवण लागलेल्या कामगाराने मांसाला हात लावू नये हा नियम सर्व देशांत आहे. पण जो त्या दिवशी घरी राहिला म्हणून त्या दिवसाचा रोज गमावतो, तो आपली हगवण मुकादमाला सांगेल काय? माझ्या मते ज्या कारखान्यात आजारपणाची पगारी रजा नाही तेथे बाकीचे फलक, टोप्या आणि हातमोजे ही पाहुण्यांसाठी केलेली सजावट समजावी. खाटकाचा धंदा आपल्या समाजाने नेहमीच गावकुसाच्या कडेला ठेवला. मांस हवे, पण कापणारा दृष्टीआड असावा, अशी आपली वृत्ती. जेथे कोणी पाहत नाही तेथे पाणी, उजेड आणि नाल्या यांवर खर्चही कोणी करीत नाही, आणि त्याचे फळ मग सर्वांच्या ताटात येते.

थंडाव्यावर मी मघाशी एवढा भर दिला. त्याला एक अपवाद आहे, आणि तो सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली. हजारावर रुग्ण झाले, दोनशेहून अधिक मरण पावले, आणि रुग्णांपैकी शेकडा चाळीसहून अधिक नवजात अर्भके होती. आईने जे खाल्ले त्याचा आजार पोटातल्या बाळाला झाला होता. महिन्यांमागून महिने गेले तरी उगम सापडेना, कारण हा जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि आठवड्यांपूर्वी काय खाल्ले ते कोणाला आठवणार! अखेर जानेवारी २०१८ मध्ये सोवेटो येथील एका बालवाडीतील नऊ मुले ताप आणि जुलाब यांनी आजारी होऊन इस्पितळात आली. तेथील डॉक्टरांना संशय आला. बालवाडीच्या शीतपेटीत पोलोनी नावाचे, पावात घालून थंडच खाण्याचे शिजवलेले सॉसेज सापडले, आणि त्याचा माग काढीत तपासनीस पोलोक्वाने शहरातील एका मोठ्या कारखान्यात पोचले. लिस्टेरियाचा विशेष असा की तो शीतपेटीतही वाढतो, सावकाश परंतु निश्चित. ओल्या फरशीवर, नालीत, यंत्राच्या सांध्यांत तो घर करून राहतो. शिजवण्याने तो मरतो. पण शिजल्यानंतर, वेष्टनात जाण्यापूर्वी, मांस त्या ओल्या यंत्रावरून गेले की पुन्हा चिकटतो. म्हणूनच चांगल्या कारखान्यात कच्च्या मांसाचा भाग आणि शिजलेल्या मांसाचा भाग यांमध्ये भिंत असते. दोहोंकडील माणसे वेगळी, अंगरख्यांचे रंग वेगळे, नाल्या वेगळ्या. पाणी वाहते तेही शिजलेल्याकडून कच्च्याकडे, उलट कधीच नाही. गरोदर स्त्रियांनी असले डबाबंद नसलेले थंड सॉसेज पुन्हा वाफाळेपर्यंत गरम केल्यावाचून खाऊ नये, हे डॉक्टर सांगतात ते याच कारणाने.

आता पुन्हा आपल्या हलीमकडे येतो. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला आणि आता ते डब्यांतून दूरदूरच्या शहरांत जाते. रात्रभर मंदाग्नीवर शिजून, लाकडी घोटण्याने घोटून झालेले हे अन्न भट्टीवरून वाढले जाते तोवर त्याच्याइतके निर्धोक अन्न क्वचितच सापडेल. धोका सुरू होतो भट्टी विझल्यावर. काही जंतू बीजाणूंच्या रूपाने उकळत्या भांड्यातही टिकून राहतात. भला थोरला हंडा तसाच झाकून ठेवला तर त्याचा गाभा रात्रभर कोमट राहतो, आणि त्या उबेत बीजाणूंतून जंतू पुन्हा जन्म घेतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली बिर्याणी खाऊन पोटे बिघडतात त्याचे एक मोठे कारण हेच. कारखान्यात यासाठी शिजलेला पदार्थ उथळ थाळ्यांत पसरून वेगाने निववतात. ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तेथून ५ अंशांवर पुढील चार तासांत, असा अमेरिकेतील नियम आहे. घरीही हे करता येते. शिजलेल्या अन्नाच्या जोडीला काय येते हेही पाहावे. कच्च्या अंड्याचे मेयोनीज या शहरात मांसाच्या पदार्थांबरोबर सर्रास दिले जात असे. मोमो खाऊन बाधा झाल्याची आणि एका स्त्रीच्या मृत्यूची घटना घडल्यावर ३० ऑक्टोबर २०२४ रोजी तेलंगण सरकारने त्यावर एक वर्षाची बंदी घातली.

कायद्याची उणीव आपल्याकडे नाही. १९५४ चा भेसळ-प्रतिबंधक कायदा, १९७३ चा मांसपदार्थ आदेश, आणि त्या सर्वांना एकत्र आणणारा २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, ज्याचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. कत्तलखान्याने काय करावे हे त्यांत पाण्यापासून पायतणापर्यंत लिहिले आहे. मटण म्हणून दिलेले मांस खरोखर कोणत्या प्राण्याचे आहे हे आनुवंशिक द्रव्यावरून ओळखण्याची सोयही चेंगीचेर्ल्याच्या प्रयोगशाळेत आहे. उणीव आहे ती विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची. घरांच्या मागील बोळांत पहाटे कापलेले जनावर कोणत्याही पशुवैद्याच्या नजरेस पडत नाही, आणि ते चार पैसे स्वस्त मिळते म्हणून खपते.

तेव्हा रविवारी मटण आणावयास जाल तेव्हा धडावर तपासणीचा शिक्का आहे काय ते पाहा, नसेल तर विचारा, आणि दोन-चार जणांनी एकाच दुकानात विचारा. दुकानदाराची सुरी आणि ओंडका किती वेळाने धुतला जातो, पैसे घेणारा हात आणि मांस कापणारा हात एकच आहे काय, याकडेही लक्ष असू द्या. खिमा हवा असेल तर अखंड तुकडा निवडून तो आपल्यासमोर करून घ्यावा आणि त्याच दिवशी शिजवावा. भाजी-किराणा आधी, मटण सर्वांत शेवटी, आणि तेथून थेट घरी. कच्चे मांस शीतपेटीत सर्वांत खालच्या खणात, भांड्यात झाकून ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी खालच्या कशावर गळणार नाही. मांस चिरलेल्या पाटीवर कोशिंबिरीची काकडी चिरू नये. पाटी दुसरी नसेल तर काकडी आधी चिरून घ्यावी.